ओळीत उठलेल्या गाठी : पोटाची चरबी विरघळवण्याच्या इंजेक्शननंतरचं एक प्रकरण

हे प्रकरण एका जिल्ह्याच्या गावातल्या ३६ वर्षांच्या शिक्षिकेचं आहे. त्यांना इथे वर्षाताई म्हणू. नाव, गाव आणि घरच्या काही गोष्टी बदलल्या आहेत. घटनाक्रम आणि वैद्यकीय तपशील आहे तसाच ठेवला आहे. लिहायची परवानगी त्यांनी लेखी दिली आणि एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला तरी वेळेवर कळू दे." त्वचारोगतज्ज्ञ म्हणून माझा त्यांच्याशी संबंध आला तेव्हा निम्म्याहून जास्त गोष्टी घडून गेल्या होत्या. त्याआधीचं सगळं त्यांच्या फायलीतून, मोबाइलमधल्या फोटोंतून आणि त्यांनी सांगितलेल्या हकिगतीतून जुळवलं आहे.

पार्श्वभूमी

वर्षाताईंची दोन सिझेरियन झालेली, धाकटा मुलगा सहा वर्षांचा. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६१ किलो, कंबर ८६ सेंटिमीटर. टाक्यांच्या वरच्या भागात पोटाची एक वळी राहिली होती आणि नेसलेल्या साडीतून ती दिसायची. स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी सहज विचारलं, "काय मॅडम, गोड बातमी का?" ते वाक्य त्यांच्या मनात फार खोल रुतलं. सकाळचं चालणं आणि रात्रीचा भात बंद, असं काही महिने करून तीन किलो वजन उतरलं, पण पोट तसंच राहिलं. मे महिन्यात धाकट्या दिरांचं लग्न ठरलं होतं.

जानेवारीत त्या शहरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. "पोटावरची चरबी विरघळवायचं इंजेक्शन असतं ना, ते घ्यायचंय," असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पोटाला ते देत नाहीत." भेट पाच मिनिटांत संपली. उत्तर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं. मात्र का देत नाहीत आणि त्याऐवजी काय करता येईल, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

हे "का" थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज आहेत.

ज्या इंजेक्शनबद्दल बोलणं चाललं आहे त्यातला मुख्य घटक डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. हे आम्ल आपल्या पित्तातही असतं. आतड्यातले जिवाणू ते तयार करतात आणि अन्नातली चरबी पचवायला त्याची मदत होते. तुपकट भांड्यावर साबण जसा काम करतो, तसं ते चरबीच्या पेशीचं आवरण फोडतं. फुटलेल्या पेशीतला ऐवज शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी काही आठवड्यांत उचलून नेतात. त्या काळात तिथे सूज, दुखणं, काळंनिळं पडणं, बधिरपणा आणि घट्टपणा येतो. हा त्याच्या कामाचाच भाग आहे. पण हे द्रव्य चरबीची पेशी ओळखून तेवढीच फोडत नाही. सुई उथळ गेली तर कातडीही मरते. नसेजवळ, म्हणजे मज्जातंतूजवळ, गेली तर नस दुखावते.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, २०१५ च्या एप्रिलमध्ये या औषधाला मान्यता दिली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी, म्हणजे आपण डबल चिन म्हणतो त्यासाठी. त्याआधीही फॉस्फॅटिडिलकोलिन आणि डीऑक्सिकोलेट यांचं मिश्रण ब्राझील, युरोप आणि अमेरिकेत शरीराच्या वाटेल त्या भागात टोचलं जात होतं. अशा जाहिराती करणाऱ्या सहा मेडिकल स्पांना एफडीएनं २०१० मध्ये इशारापत्रं पाठवली होती. अलीकडेही तिनं मान्यता नसलेल्या अशा इंजेक्शनांबद्दल ग्राहकांना सावध केलं आहे. कायमचे व्रण, गंभीर जंतुसंसर्ग, त्वचेचा आकार बिघडणं आणि खोलवर दुखऱ्या गाठी अशा तक्रारी तिच्याकडे आल्या आहेत.

आणखी एक गोंधळ हल्ली रोज दिसतो. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही भूक कमी करणारी, वजन उतरवणारी इंजेक्शनं वेगळी आहेत. ती पोटावर टोचतात, पण त्यांचं काम पोटावर होत नाही. "वजनाचं इंजेक्शन" म्हणून दोन्हींची सरमिसळ होते. मैत्रिणीनं घेतलेलं एक असतं आणि सेंटरमध्ये मिळतं भलतंच. वर्षाताईंचंही असंच झालं होतं. त्यांच्या बहिणीच्या मैत्रिणीला फायदा झाला होता तो मधुमेहाच्या डॉक्टरांनी दिलेल्या आठवड्याच्या इंजेक्शननं.

तेव्हा समोर असलेले पर्याय

जानेवारीत त्यांच्यासमोर खरे पर्याय कोणते होते, ते आता फाइल पाहून सांगता येतं.

पहिला, पोटाची नीट तपासणी. पुढे ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना पाठीवर झोपवून फक्त डोकं उचलायला सांगितलं, तेव्हा बेंबीच्या वर मधोमध तीन बोटं सहज आत गेली. दोन बाळंतपणांत पोटाचे सरळ स्नायू बाजूला सरकले होते आणि पुन्हा जवळ आलेच नव्हते. म्हणजे त्या फुगवट्याचा मोठा भाग चरबी नव्हताच. जगातलं कुठलंही चरबीचं इंजेक्शन ही फट मिटवू शकत नाही. त्यासाठी फिजिओथेरपी लागते, क्वचित शस्त्रक्रिया. ही तपासणी करायला एक मिनिटही लागत नाही.

दुसरा, रक्ततपासणी. आपल्याकडे स्त्रियांमध्ये कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की पोटाच्या आतल्या, अवयवांभोवतीच्या चरबीचा विचार करायला लागतो. वर्षाताईंचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप, ५.८ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कातडीखालची चरबी टोचून कमी केली तरी आतल्या चरबीला त्याचा धक्काही लागत नाही.

तिसरा, लायपोसक्शन किंवा चरबी गोठवण्याचं उपकरण. दोन्हींना आपापले धोके आणि खर्च आहेत. स्नायूंची फट असताना दोन्हींचा उपयोग मर्यादितच झाला असता.

चौथा, हेच इंजेक्शन. इथे साधं गणित करून पाहण्यासारखं आहे. मान्य मात्रा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. टोचे एकमेकांपासून १ सेंटिमीटरवर, प्रत्येक टोच्याला ०.२ मिलिलिटर. एका वेळी जास्तीत जास्त ५० टोचे, म्हणजे १० मिलिलिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅम. यातून एका बैठकीत ५० चौरस सेंटिमीटर भाग होतो, हनुवटीखालच्या जागेला पुरेल एवढा. वर्षाताईंच्या पोटावर पेनानं आखलेला भाग २४ बाय १२ सेंटिमीटरचा होता, म्हणजे २८८ चौरस सेंटिमीटर. त्याला त्याच प्रमाणात औषध द्यायचं तर ५७६ मिलिग्रॅम लागलं असतं, कमाल मर्यादेच्या जवळजवळ सहापट. मग दोनच रस्ते उरतात. एक तर मर्यादा ओलांडायची, नाहीतर औषध इतकं पातळ किंवा इतकं विरळ टोचायचं की चरबीवर परिणाम होणार नाही आणि सुईचे धोके मात्र सगळे राहतील.

हे गणित त्या पाच मिनिटांच्या भेटीत कुणी मांडलं असतं तर? वर्षाताई गणित शिकवतात. त्यांना ते लगेच पटलं असतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

सेंटरमधल्या दोन बैठका

फेब्रुवारीत त्या एका स्लिमिंग सेंटरमध्ये गेल्या. पाच सिटिंगचं पॅकेज, २८ हजार रुपये, "नो सर्जरी, नो रेस्ट". पैसे स्वतःच्या पगारातून दिले आणि घरी सांगितलं नाही. एवढ्या पैशांत मुलीचा क्लास झाला असता असं सासूबाई म्हणतील आणि नवरा हसेल, अशी भीती होती. पुढे जे घडलं त्याचा मोठा भाग या न सांगण्यातून आला.

पहिल्या बैठकीच्या वेळी त्यांनी ट्रेचा एक फोटो काढून बहिणीला पाठवला होता. हा फोटो पुढे आमच्या फार उपयोगी पडला. त्यात उघडलेली, अर्धी वापरलेली एक व्हायल दिसते. लेबल परदेशी लिपीत. बॅच क्रमांक आहे, पण आयात परवान्याचा क्रमांक नाही आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ताही नाही. भारतात कायदेशीर आयात केलेल्या औषधावर हे दोन्ही असावंच लागतं. शेजारी सलाईनची बाटली, तिच्या झाकणात आधीच खुपसलेली सुई. स्टीलच्या वाटीत पाण्यात भिजवलेला कापूस.

त्या कापसानं पोट पुसलं होतं. मग पेनानं चौकटी आखल्या, दर चौकटीच्या कोपऱ्यावर टोचा दिला आणि शेवटी त्याच कापसानं रेषा पुसल्या. टोचणारी व्यक्ती डॉक्टर होती का, हे वर्षाताईंनी विचारलं नव्हतं. पांढरा कोट होता. पुढच्या चौकशीत कळलं की त्या व्यक्तीकडे वैद्यकीय नोंदणी नव्हती. दोन आठवड्यांनी दुसरी सिटिंग झाली.

अडचण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोटावर वाटाण्याएवढ्या टणक गाठी लागायला लागल्या. सेंटरमधून उत्तर आलं, "चरबी फुटतेय, गरम पाण्यानं शेका, मसाज करा." हे उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणूनच धोक्याचं होतं. डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि मग ओसरत जाते. तीन आठवड्यांनी नव्यानं येणारी, वाढत जाणारी, लालसर गाठ ही त्या औषधाची सूज नव्हे. मसाजानं संसर्ग आणखी पसरला असावा, असं मला वाटतं.

एप्रिलमध्ये दोन गाठी फुटून पू आला. गावातल्या डॉक्टरांनी प्रतिजैविकांचे दोन कोर्स दिले. "गळू झालंय," एवढंच त्यांना सांगितलं होतं. फरक पडला नाही. लग्नात वर्षाताई पोटाला गॉज पॅड बांधून वावरल्या, उकाड्यामुळे फोड आलेत असं घरी सांगून.

मे अखेरीला शल्यचिकित्सकांनी एक गळू कापून पू तपासायला पाठवला. नेहमीच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही. झील-नील्सन डागणीत मात्र लाल दांडीसारखे जिवाणू दिसले, म्हणजे एएफबी पॉझिटिव्ह. आपल्याकडे हे दोन शब्द वाचले की पुढचा विचार क्षयरोगाचाच येतो. देशातलं क्षयाचं प्रमाण पाहता तो यावाच. निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद झाली आणि एकेटी, म्हणजे क्षयाचा औषधोपचार, सुरू झाला : आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल.

आता वर्षाताईंवर आणखी एक गुपित आलं. टीबी झालाय हे शाळेत कळलं तर? मुलांपासून दूर ठेवतील का? त्या पालक सभेला जाईनात. अडीच महिने गोळ्या नेमानं घेतल्या, लघवी केशरी झाली, मळमळीनं जेवण तुटलं, आणि गाठी नऊच्या सतरा झाल्या. "औषधाला दाद न देणारा टीबी असेल," म्हणून त्यांना पुढे पाठवलं गेलं.

निदानाचा क्षण

ऑगस्टच्या मध्यावर त्या आमच्याकडे आल्या, नवऱ्याबरोबर. मी पोटावरची पट्टी काढली. काही गाठी बसलेल्या, काही निळसर-जांभळ्या, तीन-चार ठिकाणी बारीक तोंडातून पातळ पाणी येत होतं. नजरेत भरत होती ती त्यांची मांडणी. गाठी ओळीत होत्या. आडव्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत जवळजवळ सारख्या अंतरावर, डावीकडून उजवीकडे. पट्टी लावून मोजलं तर बहुतेक ठिकाणी दोन सेंटिमीटर. क्षय असा ओळीत येत नाही. गळवंही येत नाहीत. इतकं सरळ माणसाचा हातच आखतो.

मी विचारलं, "ताई, इथे कधी सुई टोचली होती का? कुठलंही इंजेक्शन, मेसोथेरपी, काहीही?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि "नाही" म्हणाल्या.

नवऱ्याला जुना केसपेपर आणायला रिसेप्शनवर पाठवलं. दार लागलं आणि मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, फक्त आधी एवढं सांगून की मला कुणालाही काही सांगायचं नाहीये, मला फक्त औषध बदलायचं आहे. त्या रडल्या. मग मोबाइल काढून ट्रेचा फोटो दाखवला.

या क्षणापर्यंत चार डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं. इंजेक्शनचा प्रश्न एकाच्याही टिपणात नाही.

तपासण्या आणि उपचारांचा निर्णय

संशय होता क्षयाच्या जंतूंच्या चुलतभावंडांवर, म्हणजे नॉनट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरियावर. त्यातले लवकर वाढणारे काही प्रकार नळाच्या पाण्यात आणि पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात, आणि नेहमीच्या क्लोरिनला पुरून उरतात. मेसोथेरपीनंतर, म्हणजे कातडीत बारीक टोचे देऊन औषध सोडल्यानंतर, असे संसर्ग झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. डागणीत हे जंतूही लालच दिसतात. साध्या कल्चरची प्लेट बहुतेक ठिकाणी ४८ तासांत टाकून देतात, आणि यांना वाढायला तीन ते सात दिवस लागतात, म्हणून मे महिन्यातला अहवाल कोरा आला होता.

आम्ही गाठीतला खोल तुकडा घेतला. प्रयोगशाळेला चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं : "इंजेक्शननंतरच्या गाठी, रॅपिड ग्रोअरचा संशय, ३० आणि ३७ अंश दोन्ही तापमानांना ठेवा." ही एक ओळ नसती तर निदान पुन्हा निसटलं असतं. सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे क्षयाचा जंतू सापडला नाही. पाचव्या दिवशी कल्चरमध्ये वाढ दिसली. लाइन प्रोब तपासणीत नाव आलं : मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस. सोनोग्राफीत पुवाचे कप्पे चरबीच्या थरातच होते, स्नायूचं आवरण शाबूत होतं आणि हर्निया नव्हता. एचआयव्ही निगेटिव्ह.

या जंतूवर एकेटीची नेहमीची औषधं चालत नाहीत. त्यामुळे ती त्याच आठवड्यात थांबवली आणि निक्षयवरची नोंद दुरुस्त करून घेतली. रिफॅम्पिसिन थांबवण्याचं आणखी एक कारण होतं. क्लॅरिथ्रोमायसिनची रक्तातली पातळी ते पाडतं, आणि आमचा पुढचा भर त्याच औषधावर असणार होता.

इथे थांबून तीन गोष्टींवर विचार झाला. शल्यचिकित्सक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि वर्षाताई सगळेच बसले होते. नवऱ्यालाही तोवर त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

एक, फक्त गोळ्यांवर भागेल का? सतरा गाठी आणि पू असताना नाही. या जंतूला एकट्या क्लॅरिथ्रोमायसिननं मारायला गेलं तर तो त्याला सरावतो. म्हणून सुरुवातीला शिरेतून अमिकासिन आणि इमिपेनेम द्यायचं ठरलं.

दोन, क्लॅरिथ्रोमायसिनवर कितपत विसंबायचं? अ‍ॅबसेससमध्ये एक जनुक असतो, तो औषध भेटल्यावरच जागा होतो. तिसऱ्या दिवशी चाचणी "चालतं" म्हणते आणि चौदाव्या दिवशी "चालत नाही". म्हणून आम्ही चौदाव्या दिवसाचा अहवाल मागितला आणि तो येईपर्यंत शिरेतल्या औषधांवर निभावलं. अहवाल चांगला आला. औषध चालत होतं.

तीन, जोडीचं औषध कोणतं? लिनेझोलिड महिनोन्‌महिने दिलं तर रक्त उतरतं आणि हातापायांच्या नसांना त्रास होतो. क्लोफाझिमिन, जे कुष्ठरोगाच्या उपचारात वापरतात, त्यानं कातडी तपकिरी-काळपट होते. दिसण्याच्या काळजीतून या सगळ्यात अडकलेल्या बाईला "तुमचा चेहरा काही महिने काळवंडेल" हे सांगायचं होतं. आम्ही फोटो दाखवले, किती काळ टिकतं ते सांगितलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी एक दिवस मागितला आणि क्लोफाझिमिन निवडलं. कारण सांगितलं : "रंग परत येतो म्हणताय ना, नसा येत नाहीत." क्लॅरिथ्रोमायसिन आणि क्लोफाझिमिन ही दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्याच्या लयीवर परिणाम करू शकतात, म्हणून ईसीजी काढत राहिलो.

शल्यचिकित्सकांनी मोठे सहा कप्पे रिकामे केले आणि पू बाहेर येणाऱ्या दोन वाटा कापून काढल्या. शिरेतली औषधं जवळजवळ चार आठवडे चालली. आधी दाखल करून, मग रोज डे-केअरमध्ये. अमिकासिन कानाला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतं, म्हणून क्रिएटिनिन दर आठवड्याला आणि ऑडिओमेट्री दर पंधरवड्याला होत होती. चौथ्या आठवड्यात उंच पट्टीच्या आवाजांना थोडी घट दिसली आणि अमिकासिन ठरल्यापेक्षा काही दिवस आधी थांबवलं. गोळ्या धरून एकूण उपचार सहा महिने झाले.

परिणाम

फेब्रुवारी अखेरीला औषधं थांबली. त्यानंतरच्या वर्षभरात नवी गाठ आली नाही. पोटावर अकरा खळगे आणि तपकिरी डाग आहेत, ते पूर्ण जाणार नाहीत. ऐकण्यातली ती घट वाढली नाही, पण भरूनही आली नाही. चेहऱ्याचा काळपटपणा औषध थांबल्यावर सात-आठ महिन्यांत बराच ओसरला.

एकूण खर्च सव्वादोन लाखांच्या पुढे गेला. सौंदर्य उपचाराची गुंतागुंत आहे असं म्हणून विमा कंपनीनं दावा नाकारला. दोन महिन्यांची रजा बिनपगारी झाली.

कंबरेचं माप सेंटरमध्ये जायच्या आधी होतं तेवढंच, ८६. स्नायूंच्या फटीसाठी फिजिओथेरपी उपचार संपल्यावर सुरू केली. पाच महिन्यांत तीन बोटांची फट दीड बोटावर आली आणि कंबर ८२ झाली. एचबीएवनसी ५.५ आहे.

ट्रेच्या फोटोसह आम्ही भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे दुष्परिणामाचा अहवाल भरला. तो रुग्णालाही स्वतः भरता येतो आणि त्यासाठी १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. व्हायलबद्दल वर्षाताईंनी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. नोंदणी नसताना वैद्यकीय काम करणं महाराष्ट्र वैद्यक व्यावसायिक अधिनियम, १९६१ प्रमाणे गुन्हा आहे, म्हणून बोगस डॉक्टर शोधणाऱ्या स्थानिक समितीकडेही अर्ज गेला. चौकशी झाली तेव्हा सेंटरनं जागा सोडलेली होती. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ते करायचं का, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. पावतीवर "ब्युटी सर्व्हिस" एवढंच लिहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीतला नकार बरोबर होता, पण तो अर्धाच होता. अशी मागणी घेऊन आलेल्या व्यक्तीला हात लावून तपासायला हवं. पाठीवर झोपवून, डोकं उचलायला लावून पोट बघायला हवं. मग कागदावर ते ५० आणि २८८ चौरस सेंटिमीटरचं गणित लिहून द्यायला हवं. "नाही" ऐकून माणूस घरी जात नाही. जिथे "हो" म्हणतात तिथे जातो. आमच्या ओपीडीत आता अशा प्रत्येक भेटीत फिजिओथेरपीची चिठ्ठी किंवा आहाराचा सल्ला, काहीतरी हातात देऊनच पाठवतो.

सेंटरमध्ये वर्षाताईंना तीन गोष्टी विचारता आल्या असत्या : टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय, व्हायल माझ्यासमोर उघडणार का, आणि लेबलवर आयात परवान्याचा क्रमांक कुठे आहे. त्यांना हे माहीत नव्हतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. डबल चिनसाठी अधिकृत ठिकाणी जाणाऱ्यांनीही हेच विचारावं. मान्यता मिळालेल्या वापरातही चाचण्यांमध्ये शंभरातल्या चौघांना जबड्याजवळची नस दुखावून हसू वाकडं झालं होतं. ते आपोआप बरं झालं, पण काहींना त्यासाठी महिने लागले. सुई जबड्याच्या कडेपासून किती खाली ठेवायची हे ज्याला शिकवलंय त्याच्याच हातात ती असायला हवी.

सर्वांत महाग पडले ते एप्रिल ते ऑगस्टचे महिने. पुवात एएफबी दिसणं आणि क्षय असणं या दोन गोष्टींमध्ये एक पायरी आहे : सीबीनॅट आणि मायकोबॅक्टेरियल कल्चर. सीबीनॅट सरकारी केंद्रात मोफत होतं. कातडीच्या गळवात एएफबी दिसले तर एकेटीची पहिली गोळी देण्याआधी हे दोन्ही नमुने जायला हवेत. तातडी नसेल तर तेवढे दिवस थांबता येतं, आणि वर्षाताईंना तातडी नव्हती.

लपवण्याबद्दल मला काही म्हणायचं आहे. वर्षाताईंनी चार डॉक्टरांना खोटं सांगितलं, असं फाइल वाचणाऱ्या एका सहकाऱ्यानं म्हटलं. मला ते मान्य नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि आम्ही पहिल्यांदा विचारलं ते नवऱ्यासमोर. सौंदर्य उपचार घेणाऱ्या बाईला आपल्याकडे घरात, शाळेत, दवाखान्यातही "हौस" म्हणून बोल लावले जातात. ती सांगेल कशी? हा प्रश्न एकटीला, दार लावून आणि साध्या आवाजात विचारायचा असतो. आता आमच्या केसपेपरवर तो छापलेला आहे : "या जागी गेल्या सहा महिन्यांत कुठलंही इंजेक्शन, मेसोथेरपी, टॅटू किंवा पार्लरमधली प्रक्रिया?" उत्तर डॉक्टरच एकांतात भरतात, रिसेप्शनवर नाही.

सेंटरमध्ये त्याच महिन्यात येणाऱ्या आणखी दोघींना वर्षाताई ओळखत होत्या. निदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना फोन केला. एकीला काही झालं नव्हतं. दुसरीच्या दंडावर चार गाठी होत्या आणि ती दीड महिना शेक घेत होती, घरी न सांगता. तिचा नमुना पहिल्याच भेटीत दोन्ही तापमानांच्या कल्चरला गेला. तिच्यातही तोच जंतू निघाला. तिला एकेटी द्यावी लागली नाही, गाठी कमी असल्यानं शिरेतली औषधं दोन आठवड्यांत थांबवता आली, आणि तिच्या गोळ्या साडेचार महिन्यांत संपल्या.